स्क्रीनशॉट पाठवण्याआधी तो नीट कसा करायचा: नवीन शिकणाऱ्यांसाठी, अगदी पहिल्यापासून

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सोसायटीचा सगळा कारभार आता व्हॉट्सॲपवर चालतो. मेंटेनन्स भरला की स्क्रीनशॉट, वीजबिल जास्त आलं की स्क्रीनशॉट, पाणी बंद राहणार त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, भाडेकरूचे कागद पण स्क्रीनशॉटमधूनच. आणि यातले बरेचसे जसे काढले तसेच ग्रुपवर पडतात, म्हणजे वर कोणाकोणाचे मेसेज आलेत ते दिसतंय, मधे खात्यातली शिल्लक दिसतेय, खाली मोबाईल नंबर, आणि ज्या ओळीसाठी एवढा खटाटोप केला ती कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात, समोरच्याने झूम करून शोधत बसायचं. ग्रुपमधे सगळ्या विंगची माणसं असतात, त्यातली कितीतरी आपण नावाने ओळखत पण नाही.

हे सुधारायला कुठलंही वेगळं ॲप लागत नाही, पैसे लागत नाहीत, फोनमधे सगळं आधीपासून आहे. कापायचं, खूण करायची, झाकायचं, एवढंच. त्यातलं कापणं आणि खूण करणं लोक पटकन शिकतात, झाकणं मात्र बरेच जण वरवर करतात आणि त्यांना वाटतं की झाकलं गेलं, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी झाकण्यालाच दिलीय. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू-काकांना मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने लिहितेय. फोन हातात घेऊन वाचा आणि सोबत करत जा.

पायरी १: काढायच्या आधी स्क्रीन आवरा

अर्धं एडिटिंग इथेच वाचतं. कीबोर्ड वर आला असेल तर खाली घालवा, वरून एखादं नोटिफिकेशन डोकावत असेल तर ते जाऊ द्या, आणि जी गोष्ट दाखवायची ती स्क्रीनच्या मधोमध येईल असं वरखाली सरकवून घ्या. वेबसाईटवरची अक्षरं बारीक असतील तर आधी दोन बोटांनी मोठी करा आणि मग स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर फोटो मोठा केला तर अक्षरं फुटतात, आधी मोठं केलं तर स्वच्छ येतात.

आता काढायचा कसा. अँड्रॉइडच्या जवळजवळ सगळ्या फोनला पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं आणि लगेच सोडायचं. धरून ठेवायचं नाही, धरून ठेवलं की फोन बंद करायचा मेनू येतो आणि माणूस घाबरतो. रेडमी, रिअलमी, ओप्पो, वनप्लस अशा बऱ्याच फोनमधे तीन बोटं स्क्रीनवरून खाली ओढली तरी होतं, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमधे तळहाताची कड स्क्रीनवरून आडवी फिरवली तरी होतं, फक्त हे सेटिंगमधे चालू असायला लागतं. आयफोनला खालचं गोल बटण नसेल तर उजवीकडचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम, आणि गोल बटण असलेला जुना आयफोन असेल तर ते गोल बटण आणि पॉवरचं बटण. ज्यांची बोटं दुखतात किंवा दोन बटणं एका वेळी दाबणं जमत नाही त्यांच्यासाठी आयफोनमधे फोनच्या पाठीवर दोन टिचक्या मारून स्क्रीनशॉट काढायची सोय आहे, सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच, त्यात बॅक टॅप, आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनना चालते. ज्येष्ठ मंडळींना ही सेटिंग कोणीतरी एकदा करून द्यावी असं मला मनापासून वाटतं, फार सोपं होतं त्यांना.

लांबलचक पान असेल, समजा वीजबिलाचं सगळं पान किंवा मोठी चॅट, तर पाच वेगळे स्क्रीनशॉट काढायची गरज नाही. अँड्रॉइड १२ पासून फोनमधेच सोय आहे, सॅमसंग आणि शाओमीमधे तर त्याच्या आधीपासून होती. स्क्रीनशॉट काढला की खाली छोटी पट्टी येते, त्यात 'कॅप्चर मोअर' किंवा 'स्क्रोल' किंवा खाली जाणारे बाण असतात, ते दाबत राहायचं, पान खाली सरकत जातं आणि एकच लांब फोटो बनतो. आयफोनमधे सफारीत उघडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढला की वर 'फुल पेज' दिसतं, ते पीडीएफ म्हणून सेव्ह होतं. पण एक सांगते, लांब स्क्रीनशॉट काढता येतो म्हणून काढायचा नाही. जेवढं जास्त पान घेतलं तेवढं जास्त झाकायचं काम वाढतं.

बँकेच्या काही ॲपमधे स्क्रीनशॉट निघतच नाही, किंवा काळा येतो. फोन बिघडलेला नसतो, ॲप बनवणाऱ्यांनीच ते मुद्दाम बंद केलेलं असतं. मग लोक दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढतात. ते करू नका, तिथे ज्या कारणासाठी बंदी आहे ते कारण तुमच्या भल्याचंच आहे. व्यवहाराचा पुरावा हवा असेल तर त्याच ॲपमधे शेअर किंवा डाउनलोड रिसीट असं काहीतरी सापडतं.

पायरी २: उघडा, आणि कॉपीवर काम करा

स्क्रीनशॉट काढल्यावर खालच्या कोपऱ्यात तो छोटा होऊन काही सेकंद दिसतो. त्याला किंवा शेजारच्या पेन्सिलीला टच केलं की लगेच एडिट उघडतं. हुकलं तर गॅलरीत किंवा फोटोजमधे 'स्क्रीनशॉट्स' नावाचा अल्बम असतो, तिथे फोटो उघडा आणि 'एडिट' दाबा. बटणांची नावं आणि जागा कंपनीप्रमाणे बदलतात, पण कापायचं चिन्ह दोन काटकोन एकमेकांत अडकल्यासारखं आणि खुणा करायचं चिन्ह पेनाचं किंवा पेन्सिलीचं, हे सगळीकडे साधारण तसंच असतं.

अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमधे सेव्ह करताना दोन पर्याय येतात, नुसतं 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज कॉपी' किंवा 'सेव्ह कॉपी'. नवीन असताना नेहमी कॉपी. मूळ स्क्रीनशॉट जसाच्या तसा राहतो आणि एडिट केलेला वेगळा तयार होतो, चुकलं तर परत सुरुवात करता येते, आणि पुढे सांगणार आहे तसं काही वेळा मूळच लागतो.

आयफोनवाल्यांनी हे नीट समजून घ्या. आयफोनच्या फोटोजमधे कापलेला किंवा खूण केलेला फोटो कधीही 'रिव्हर्ट' करून परत पहिल्यासारखा करता येतो, म्हणजे कापलेला भाग तुमच्या फोनमधे आहेच, फक्त दिसत नाही. तुमच्या फोनपुरतं ते चांगलंच आहे. पण एअरड्रॉपने दुसऱ्या आयफोनला पाठवताना वर 'ऑप्शन्स' मधे 'ऑल फोटोज डेटा' चालू असेल तर मूळ फोटो आणि एडिटचा इतिहास पण सोबत जातो, आणि समोरचा सुद्धा ते परत मागे नेऊ शकतो. ते बंद आहे ना हे बघून मगच एअरड्रॉप करा.

पायरी ३: कापा, पण बेताने

कडेला ज्या जाड रेघा किंवा कोपरे येतात ते आत ओढायचे. वरची पट्टी जिथे वेळ, बॅटरी, नेटवर्क आणि नोटिफिकेशनची चिन्हं असतात ती बहुतेक वेळा जाऊ द्यायची, खालची बटणांची पट्टी पण. दुसऱ्याला तुमची बॅटरी १२ टक्के आहे हे कळायची गरज नाही, आणि तुम्ही कुठली ॲप वापरता हेही त्या बारीक चिन्हांवरून कळतं.

पण कापता कापता अर्थच कापला जाऊ नये. आपल्या नवी मुंबईचंच बघा, इथे पत्ता सेक्टरने चालतो आणि सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमधे, म्हणजे वाशी, नेरूळ अशा शहराच्या प्रत्येक मोठ्या भागात, परत तेच असतात. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळमधे आहे, ऐरोलीत आहे, बेलापूरला आहे, खारघरलाही आहे. मॅपचा स्क्रीनशॉट काढून पाहुण्याला पाठवला आणि नोडचं नाव कापलं गेलं की पाहुणा सेक्टर १५ ला पोचतो, फक्त भलत्याच स्टेशनला उतरून. मॅप कापताना सेक्टर, नोडचं नाव आणि जवळची एखादी ठळक खूण, म्हणजे स्टेशन, डेपो, मार्केट, शाळा, हे तिन्ही चौकटीत राहिलंच पाहिजे.

तसंच लोकलच्या वेळांचं. ट्रान्स हार्बरच्या ठाणे-पनवेल गाड्यांच्या वेळांचा स्क्रीनशॉट तुम्ही कापून छान पाठवला, तो फॉरवर्ड होत होत सहा महिने फिरतो, आणि दरम्यान टाइमटेबल बदललेलं असतं किंवा तो रविवारच्या मेगाब्लॉकचा असतो. म्हणून जी माहिती शिळी होऊ शकते तिच्यावर तारीख टाका. वरच्या पट्टीत नुसती वेळ असते, तारीख नसते, त्यामुळे ती पट्टी ठेवून भागत नाही, पुढच्या पायरीत सांगते तसं टेक्स्टने लिहा. चॅट कापताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही राहू द्या. नुसतं उत्तर कापून पाठवलं की माणसं भांडतात, आणि ज्याचं उत्तर असतं त्याच्यावर अन्याय होतो.

पायरी ४: नजर कुठे जायला हवी ती खूण

पेन निवडा, रंग निवडा, जाडी थोडी वाढवा. सुरुवातीची जाडी बहुतेक फोनमधे बारीक असते आणि व्हॉट्सॲपवर लहान दिसणाऱ्या फोटोत ती रेघ हरवते. रंग लाल चांगला, पण स्क्रीनशॉटच लाल असेल तर (कितीतरी ॲपमधे एररचा मेसेज लाल असतो) निळा किंवा हिरवा घ्या.

शब्दाभोवती गोल करायचा की बाण काढायचा? माझा अनुभव असा की एखादा आकडा दाखवायचा असेल तर चौकट किंवा गोल, आणि एखादं बटण दाखवायचं असेल तर बाण, कारण बटणावर गोल केला की बटणावरचं नावच झाकलं जातं. बोटाने गोल वेडावाकडा येतो त्याची काळजी करू नका. आयफोनमधे गोल किंवा बाण काढून झाल्यावर बोट न उचलता क्षणभर तसंच धरलं की तो आपोआप नीट आकाराचा होतो. सॅमसंग आणि इतर बऱ्याच फोनमधे तयार आकार मिळतात, तेही चालतील. एका फोटोत एकच खूण, फार तर दोन. चार बाण आणि तीन गोल असले की बघणाऱ्याला परत शोधावंच लागतं.

शिकवायला स्क्रीनशॉट पाठवताय, समजा गावाकडे आईला वीजबिल ऑनलाईन कसं भरायचं ते दाखवायचंय, तर ही पद्धत वापरून बघा. प्रत्येक स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट, प्रत्येकावर एकच बाण, आणि वर कोपऱ्यात मोठा आकडा १, २, ३. आकडे नसले तर फोटो मागेपुढे होतात, कधी नेट स्लो असलं की तिसरा आधी उघडतो, आणि आई भलत्याच पानावर भलतंच बटण शोधत बसते. फोनवर बोलताना पण सोपं पडतं, 'आई, दोन नंबरचा फोटो उघड' एवढं म्हटलं की झालं.

टेक्स्ट लिहायला 'टी' किंवा 'ए' असं अक्षर असलेलं चिन्ह असतं, आयफोनच्या मार्कअपमधे, म्हणजे खुणा करायच्या स्क्रीनवर, अधिकचं चिन्ह दाबलं की 'ॲड टेक्स्ट' येतं. मराठीत लिहा की, कीबोर्डची भाषा बदलली की इथेही मराठी उमटतं. लिहिताना मोकळ्या जागेवर लिहा, मजकुरावर नको, आणि जिथे टेक्स्टला मागे रंग देता येतो तिथे द्या, नाहीतर पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कोणाला दिसत नाहीत. 'फक्त रविवार १५ तारखेसाठी', 'हे बटण दाबू नका', 'भरलेली रक्कम', असं तीन-चार शब्दांत. जास्त सांगायचं असेल तर ते मेसेजमधे लिहा, फोटोवर निबंध नको.

पायरी ५: झाकणं

आता मुख्य गोष्ट. आधी काय झाकायचं ते.

मेंटेनन्स भरल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट घेऊ. खजिनदाराला काय हवं असतं? रक्कम, तारीख, कोणाच्या खात्यात गेले ते, आणि १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर, ज्याला यूटीआर पण म्हणतात. फ्लॅट नंबर तुम्ही मेसेजमधे लिहाल. बाकीचं सगळं झाका: तुमचा यूपीआय आयडी (त्यात बहुतेकांचा मोबाईल नंबरच असतो), खात्याचे शेवटचे आकडे, शिल्लक दिसत असेल तर ती. आणि खरं तर हा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचाच कशाला, खजिनदाराला वेगळा पाठवा, तिथे रेफरन्स नंबर उघडा राहिला तरी हरकत नाही.

वीजबिलाच्या स्क्रीनशॉटमधे १२ आकडी ग्राहक क्रमांक, नाव आणि पत्ता असतो. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असे खोटे मेसेज महावितरणच्या नावाने पाठवून लोकांना लुबाडल्याचं तुम्ही ऐकलं असेल. अशा माणसाच्या हाती तुमचं नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक एकत्र पडले तर त्याचं बोलणं खरं वाटायला किती सोपं जाईल, विचार करा. बिल जास्त आलंय हे सांगायला युनिट आणि रक्कम पुरेशी आहे.

ओटीपीचा मेसेज, पार्सलवाल्याचा डिलिव्हरी कोड, पीएनआर, पॅन, गाडीचा नंबर, लहान मुलाच्या शाळेचं नाव आणि वर्ग, हे सगळं झाकायच्या यादीत. दुसऱ्याच्या चॅटचा स्क्रीनशॉट असेल तर त्याचं नाव, नंबर आणि प्रोफाइल फोटो पण, आणि शक्यतो त्याला विचारूनच पाठवा.

आता कशाने झाकायचं. इथे लोक फसतात.

हायलायटर वापरू नका. हायलायटर पारदर्शक असतो, जाळीच्या पडद्यासारखा. काळा रंग घेऊन तीन-चार वेळा फिरवला की डोळ्याला काळंकुट्ट दिसतं, पण कोणीही तो फोटो एडिटमधे उघडून ब्राइटनेस, एक्स्पोजर, काँट्रास्ट वरखाली केलं की खालचे आकडे वर येतात. आयफोनमधे पेन आणि हायलायटर शेजारी शेजारी असतात आणि चुकून हायलायटर निवडला जातो, त्यामुळे तिथे तर फारच जपून. साध्या पेनाची सुद्धा ओपॅसिटी म्हणजे गडदपणा कमी केलेला नाही ना ते बघा, तो पूर्ण १०० वर हवा.

ब्लर आणि मोझॅक म्हणजे ते चौकोन चौकोन करणारं टूल, यावरही आकडे झाकण्यासाठी भरवसा ठेवू नका. कारण सांगते. मोझॅक म्हणजे काही जादू नाही, त्या जागेच्या रंगांची सरासरी काढून मोठे ठिपके केलेले असतात. आकडे मुळात दहाच. ज्याला काढायचंय तो त्याच ॲपच्या अक्षरांत ० ते ९ लिहितो, त्यावर तोच मोझॅक मारतो आणि कुठले ठिपके कोणाशी जुळतात ते बघतो. यासाठी तयार प्रोग्रॅम सुद्धा आहेत, २०२० मधे डेपिक्स नावाचा एक असाच सगळ्यांसाठी खुला झाला, आणि तो स्क्रीनशॉटमधल्या मजकुरासाठीच बनवलेला होता. एखाद्याचा चेहरा फोटोत धूसर करणं वेगळं, खाते क्रमांक धूसर करणं वेगळं. आकडे आणि अक्षरं झाकायला कायम पूर्ण भरीव रंग.

सगळ्यात चांगलं म्हणजे आकारांमधला भरलेला चौकोन, काळा, आणि तो मजकुरापेक्षा थोडा मोठा ओढायचा, म्हणजे आकडे किती होते तेही कळत नाही. भरलेला चौकोन मिळत नसेल तर साधं पेन सगळ्यात जाड करून घ्या. नुसती एक आडवी रेघ मारून उपयोग नाही, अक्षरांची डोकी आणि शेपट्या वर-खाली डोकावतात आणि त्यावरून वाचता येतं. पूर्ण बुजेपर्यंत फिरवा.

क्यूआर कोडचं तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. नाव झाकतात, नंबर झाकतात आणि शेजारी क्यूआर तसाच सोडतात. यूपीआयच्या क्यूआरमधे तुमचा आयडी आणि नाव असतंच, आधारवरच्या क्यूआरमधे तर नाव, जन्मतारीख, पत्ता अशी माहिती असते. आणि क्यूआरवर एक फुली मारली किंवा कोपरा झाकला म्हणून तो मरत नाही. क्यूआर बनवतानाच त्यात अशी सोय केलेली असते की थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा, ही सोय सगळ्यात जास्त ठेवलेली असेल तर साधारण ३० टक्के भाग गेला तरी चालतो. म्हणून झाकायचा तर अख्खा झाका.

आधारबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ऐरोली, घणसोली, घोडबंदर पट्ट्यात भाड्याने राहणारे खूप आणि घरमालक, एजंट, सोसायटी सगळेच आधार व्हॉट्सॲपवर मागतात. स्वतः झाकत बसण्यापेक्षा आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साईटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात १२ पैकी फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी तो चालतो. आधी विचारा, मास्क्ड चालेल का, आणि चालणार असेल तर तोच द्या.

कापण्याचीही एक गोष्ट सांगते. २०२३ च्या मार्चमधे सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिलं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअपने कापलेल्या स्क्रीनशॉटमधला कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येतो. झालं असं होतं की कापलेला लहान फोटो जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिला जायचा आणि जुन्या फाइलची उरलेली शेपटी पुसली जात नव्हती, ती फाइलमधे तशीच राहायची. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून हा दोष होता. तो सापडल्यावर अपडेटने दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेले फोटो आहेत तसेच राहिले. कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढायच्या विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमधेही असाच दोष निघाला आणि तोही दुरुस्त झाला. यातून घ्यायचं ते इतकंच की फोनचे अपडेट पुढे ढकलत राहू नका. आणि फारच नाजूक काही झाकायचं असेल तर माझी पद्धत अशी: काळा चौकोन मारून फोटो सेव्ह करायचा, मग तो एडिट केलेला फोटो फुल स्क्रीन उघडून त्याचा नवीन स्क्रीनशॉट काढायचा आणि हा दुसरा पाठवायचा. नव्या फाइलमधे स्क्रीनवर दिसत होतं तेवढंच असतं, खाली दडलेलं काही येत नाही.

पायरी ६: बघा आणि मग पाठवा

सेव्ह केलेला फोटो परत उघडा, झाकलेल्या जागी झूम करा, फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. मग शेअर करताना तुम्ही मूळ नाही, एडिट केलेला निवडलाय ना तेही बघा, गॅलरीत दोन्ही शेजारी असतात आणि छोट्या आकारात सारखेच दिसतात. नवीन शिकताना आधी स्वतःलाच पाठवा, व्हॉट्सॲपमधे स्वतःच्या नंबरवर मेसेज करता येतो, तिथे तो समोरच्याला कसा दिसेल ते दिसतं.

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात बारीक अक्षरं पुसट होतात. पाठवायच्या स्क्रीनवर 'एचडी' असं चिन्ह असतं ते दाबा, किंवा फारच बारीक मजकूर असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, मग तो आहे तसा जातो.

घाईत असाल तर व्हॉट्सॲपमधेच फोटो निवडल्यावर वर कापायचं चिन्ह, टेक्स्ट आणि पेन्सिल मिळते. तिथली पेन्सिल भरीव रंगाची आहे, ती झाकायला चालते, ब्लरवाली मात्र आकड्यांसाठी नको. तिथे केलेलं एडिट फक्त पाठवलेल्या फोटोवर होतं, गॅलरीतला मूळ तसाच राहतो. चुकीचा गेलाच तर लगेच 'डिलीट फॉर एव्हरीवन', पण तोवर कोणी बघितला किंवा सेव्ह केला असेल तर तो आपल्या हातात नाही.

कधी एडिट करायचं नाही

फसवणूक झाली, कोणी धमकी दिली, पैसे कापले गेले, तर त्या स्क्रीनशॉटला हात लावू नका. काही कापायचं नाही, गोल करायचा नाही, काही झाकायचं नाही. वरची पट्टी, वेळ, समोरच्याचा नंबर, रेफरन्स नंबर, सगळं दिसू दे. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, हा सायबर फसवणुकीचा देशभरचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साईटवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच थांबवता यायची शक्यता जास्त, म्हणून स्क्रीनशॉट सुंदर करण्यात वेळ घालवू नका. मूळ मेसेज आणि चॅट पण डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आहे म्हणून मूळची गरज संपत नाही. पोलिसांना एखादी ओळ दाखवायला खूण हवीच असेल तर कॉपी करून त्या कॉपीवर करा आणि दोन्ही द्या.

उलट बाजूने पण लक्षात घ्या. हे सगळं जसं तुम्हाला आता येतंय तसं दुसऱ्यालाही येतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे असतात, दुकान चालवणाऱ्यांनी, घरून डबे किंवा फराळ विकणाऱ्या ताईंनी स्क्रीनशॉटवर माल देऊ नये, आपल्या बँकेच्या मेसेजमधे किंवा ॲपच्या व्यवहारांत रक्कम जमा दिसली तरच द्यावा.

आणि लोकलचं मोबाईलवर काढलेलं पेपरलेस तिकीट असेल तर त्याचा स्क्रीनशॉट टीसीला चालत नाही, तिकीट ॲपमधेच उघडून दाखवावं लागतं. दुसऱ्याचं तिकीट स्क्रीनशॉट करून घेतलं तर ते विनातिकीटच धरलं जातं.

शेवटची पायरी: साफसफाई

मूळ स्क्रीनशॉट, ज्यात काहीच झाकलेलं नाही, ते गॅलरीत पडून राहतात. काम झालं की 'स्क्रीनशॉट्स' अल्बम उघडून एकदम बरेच निवडा आणि उडवा, पावती किंवा तक्रारीचे तेवढे वेगळ्या अल्बममधे ठेवा. डिलीट केलं म्हणजे लगेच गेलं असं नसतं. आयफोनमधे ते 'रिसेंटली डिलीटेड' मधे ३० दिवस राहतात, गूगल फोटोजमधे बॅकअप झालेले असतील तर ट्रॅशमधे ६० दिवस आणि नसतील तर ३० दिवस. फोन विकायला किंवा रिपेअरला द्यायचा असेल तर तिथे जाऊन तेही रिकामं करा. आणि गूगल फोटोजच्या सेटिंगमधे बॅकअपमधे कुठले फोल्डर जातात ते एकदा बघून घ्या, 'स्क्रीनशॉट्स' चालू असेल तर घरात त्याच अकाउंटने चालणाऱ्या टॅबलेटवर, मुलांच्या हातातल्या सुद्धा, तुमचे सगळे स्क्रीनशॉट दिसत असतात. नको असेल तर तेवढं फोल्डर बंद करता येतं, बाकी फोटोंचा बॅकअप चालूच राहतो.